मल्लिनाथच्या डाव्या पायाचा अहवाल

सरकारी मोटार आपोआप बिघडत नाही. त्यासाठी एक जबाबदार इसम लागतो, आणि तो शक्यतो हंगामी असावा लागतो.

सन एकोणीसशे एकसष्टात कळंबच्या आमच्या कचेरीत (कुठली ते विचारू नका, शिस्त आहे) नवी मोटार आली. जुनीचा क्लच सळईवर चालायचा, हिचा तेलावर. पायाखालचा दांडा दाबला की डबीतलं तेल नळीतून सरकतं, पुढची रबरी वाटी ढकलतं आणि क्लच सुटतो. हे मला ड्रायव्हर मल्लिनाथनं सांगितलं. मी निजामाच्या राज्यात पेशकार होतो, आता अव्वल कारकून आहे. दोन्ही सरकारांनी मला मोटारीतलं काही विचारलं नव्हतं.

खांडेनवमीला आमच्याकडं सगळ्या हत्यारांची पूजा होते: टिकाव, मोजणीची साखळी, टाईपरायटर, रबरी शिक्के. कचेरीप्रमुख राघवेंद्रराव साहेबांनी मोटारीला हळदकुंकू वाहिलं, बॉनेट उघडायला लावलं आणि क्लचची डबी बघून म्हणाले, "ही रिकामी दिसतेय." मग समईसाठी आणलेलं घाण्याचं करडईचं तेल (शुद्ध) त्यांनी स्वहस्ते त्या डबीत काठोकाठ ओतलं. डबीचं झाकण मी धरलं होतं.

मल्लिनाथ म्हणाला, "साहेब, थांबा. ह्यात हे तेल चालत न्हाय. रबर फुगतंय."

पूजेच्या वेळी असं बोलतात का? साहेब हसले, म्हणून आम्ही अकराही जण हसलो. मग पेढे वाटले.

चौथ्या दिवशी येडशीच्या चढावर दांडा खाली गेला तो वर आलाच नाही. बैल जुंपून मोटार कचेरीत आणली. साहेब आतच बसून होते, कारण पदाला पायी चालणं शोभत नाही.

कल्याणप्पा मिस्त्रीनं मोटारीखाली शिरून नळी सोडली, बोटावर तेल घेऊन हुंगलं आणि ओरडला, "आगं माय, करडई हाय की! भजी तळायची व्हती का काय?" त्यानं नळ्या धुतल्या, सोलापूरहून नव्या रबरी वाट्या आणून बसवल्या, क्लचचं तेल भरलं. राहिली नळीत अडकलेली हवा. मल्लिनाथनं वर दांडा दाबून धरायचा, कल्याणप्पानं खाली स्क्रू सैल करून बुडबुडे सोडायचे, स्क्रू आवळायचा, मगच पाय उचलायचा. असं दुपारपर्यंत चाललं आणि गिअर झकास पडू लागला. मोटार बरी झाली. कचेरीचं दुखणं मात्र तिथून सुरू झालं, कारण कल्याणप्पानं दुरुस्तीच्या चिठ्ठीवर बिघाडाचं कारण लिहिलं होतं.

तीन जणांची चौकशी समिती नेमली (मोटार चालवता येणारे: शून्य). अहवाल मी लिहिला. पहिल्या मसुद्यात 'करडईचे तेल' होतं. साहेबांनी चष्मा काढला. दुसऱ्यात 'अनुचित द्रव' लिहिलं. साहेबांनी पाणी मागवलं. तिसऱ्यात 'वाहनचालकाच्या डाव्या पायाचा अनुचित दाब' लिहिलं, तेव्हा कुठं साहेबांनी आम्हाला चहा मागवला.

पूजेस हजर साक्षीदार, अकरा. तेल ओतताना पाहिलेले, शून्य. पेढा मिळालेले, अकरा. पुरावाही भक्कम होता. रबर फुगणार हे मल्लिनाथनं आधीच सांगितलं होतं, म्हणजे बिघाड त्याला अगोदरपासून ठाऊक होता. (कशानं फुगणार, हा प्रश्न समितीच्या कक्षेबाहेरचा.) शिवाय त्यानं दुपारपर्यंत दांडा वारंवार दाबल्याचं खुद्द मिस्त्रीनं कबूल केलं.

मल्लिनाथला कायम व्हायला अडीच महिने उरले होते. घरी म्हातारी आई मल्लम्मा, बायको आणि दोन लेकरं. बरखास्तीच्या हुकुमावर सही करायला आला तेव्हा एवढंच म्हणाला, "पेशकारसाहेब, झाकण तुमच्याच हातात व्हतं की."

वाईट वाटलं हो मला. सही कुठं करायची ते मात्र मीच बोटानं दाखवलं.

तुम्हालाही वाईट वाटलं असेल, माझा रागही आला असेल. उत्तम. मल्लिनाथ अजून घरीच बसून आहे. हात हुशार, व्यसन नाही, आणि साहेब चुकतोय असं दिसलं तर चारचौघांत तोंडावर सांगतो. शिफारसपत्रात ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम ठळक लिहिलीय. घेता का त्याला तुमच्या हाताखाली?

नको? मग या, अहवालावर आमच्या सह्यांखाली तुमचीही सही करा.