कुरुळीतला दुसरा धूर

दुसऱ्याच्या घरी राहायला जाणे म्हणजे त्या घरच्या बाईला सुटीभर राबवणे, असे माझे पूर्वीपासून ठाम मत आहे. (माझी बहुतेक मते पूर्वीपासूनची आणि ठामच असतात.) म्हणून दिवाळीच्या सुटीत मुलांना घेऊन कुरुळीच्या मळ्यावर राहायचे ठरले, तेव्हा मी एकच अट घातली.

"जागा त्यांची. स्वयंपाक मात्र आपला आपण करायचा."

"अगं, चिमाजीच्या घरी तसं चालायचं नाही," हे म्हणाले. चिमाजी पिंपरीच्या कारखान्यात यांच्याच खात्यात होता. मळा त्याचा आणि त्याच्या थोरल्या भावाचा, सोपानरावांचा, सामाईक.

"चालत नसेल, तर चालवून दाखवू."

मळ्यावर पोचल्यावर चिमाजीची आई आक्काबाई माझी अट ऐकून भाकरी थापता थापता थबकल्या. "बाई, एका घरावर दोन धूर दिसले की गाव म्हनतं, वाटणी झाली. परवा आमच्या इंद्रायणीची सुपारी फोडायला चिंबळीचे पाव्हणे येणार हायेत. घर एकत्र हाय म्हनूनच त्यांनी होकार दिलाय."

इंद्रायणी ही सोपानरावांची मुलगी. ती उंबऱ्यात उभी राहून कान देऊन ऐकत होती. मी तिला आश्वासन दिले, "धूर होणारच नाही. मी स्टोव्ह आणला आहे."

स्टोव्हने माझी बाजू नेमकी सुपारीच्या सकाळपर्यंत राखली. मग तो तुंबला, आणि मी घातलेली पिन त्याच्या तोंडातच मोडली. एखादी समंजस बाई आक्काबाईंच्या चुलीकडे गेली असती. मी गोठ्यामागे तीन दगड मांडले. सरपण नीट जळले तर धूर नगण्य होतो, हे रसायनशास्त्राची पदवीधर या नात्याने मला पक्के ठाऊक होते. (सरपण ओले होते.)

कारखान्याच्या धुराड्याला हेवा वाटावा, असा धूर निघाला. त्याच वेळी बांधावर बैलगाडी थांबली. नवऱ्या मुलाचे वडील रंगराव खाली उतरले. पण पुढे येईनात.

"सोपानराव, वाटणी झाली आन् आमाला कळवलंबी न्हाई? जिथं भाऊ भावाशी नांदत न्हाई, तिथली पोरगी आमच्यात काय नांदंल?"

वस्तुस्थिती तिच्या माहीतगारानेच सांगावी, म्हणून मी पुढे झाले.

"आपला गैरसमज होतो आहे. ही चूल माझी आहे. या घरच्या चुलीशी तिचा काडीचाही संबंध नाही."

"ही धाकटी सून व्हय? शिकलेली दिसती."

"मी यांची सून नाही! माझे पती ते, तिकडे!" मी बोट दाखवले. परंतु ऐन वेळी हे चिमाजीच्या पाठीमागे सरकले होते.

"मंग मी काय येगळं म्हनलो?" रंगरावांनी चिमाजीकडे पाहिले आणि गाडी वळवायला सांगितली.

दारात इंद्रायणी नवे लुगडे नेसून उभी होती. तिने पदराचे टोक दातांत घट्ट धरले होते.

"थांबा रंगराव!" आक्काबाई पुढे आल्या. "चिमाजीचं अजून लगीनबी न्हाई. ही त्याच्या दोस्ताची बायकू. पोटाची दुखणेकरी हाय बिचारी. तेल, मीठ, तिखट, गोड, काय बी सोसत न्हाई. म्हनून येगळं शिजवती."

खंडन करण्यासाठी मी तोंड उघडले. इंद्रायणी माझ्याकडेच पाहत होती. मी तोंड मिटले आणि पोटावर हात ठेवला.

रंगरावांचा स्वभावही माझ्यासारखाच संशयी निघाला. त्यांनी येऊन माझ्या पातेल्यावरचे झाकण उचलले. भात खाली करपलेला आणि वर कच्चा होता.

"हे खाती?"

"रोज," हे मागून म्हणाले. (तेवढ्यापुरती त्यांना वाचा फुटली.)

"अरारा! मंग दुखणं मोठंच हाय."

सुपारी फुटली. ओट्यावर पुरणपोळीची पंगत बसली. यांनी आणि मुलांनी तिथे तुपाचा हिशेब ठेवला नाही. रंगरावांच्या नजरेसमोर मी माझा भात, मिठाशिवाय, शेवटच्या शितापर्यंत निर्धाराने संपवला.

माघात चिंबळीला लग्न झाले. पंगतीत वाढपी बुंदी घेऊन माझ्यापर्यंत आला आणि अदबीने पुढे सरकला. मी त्याला हाक मारणार, तोच पेजेची वाटी घेऊन स्वतः रंगराव आले.

"ताई, काय बी काळजी करू नका," ते मायेने म्हणाले, "तुमच्यासाठी येगळी चूल मांडलीया!"