केंजळेमामांचं कोपर

आमच्या कंपनीत यंदा बोनस किती मिळणार हे मॅनेजरच्याही आधी कळायचं ते टूल रूममधल्या केंजळेमामांच्या कोपराला. दिवाळी जवळ आली की युनियनची माणसंसुद्धा पाना घ्यायच्या निमित्ताने त्यांच्या खिडकीशी रेंगाळायची आणि हळूच विचारायची, "मामा, काय म्हणतंय?" मामा चष्मा कपाळावर चढवायचे, डावी बाही वर सारायचे आणि कोपर उजेडात धरायचे. कोपरावर लाल चट्टा, कधी रुपयाएवढा, कधी बशीएवढा, आणि त्यावर चांदीच्या वर्खासारखे पांढरे पापुद्रे. चट्टा फुललेला दिसला की बोलणी फिसकटणार, बसलेला दिसला की पेढे. "कोपर खोटं बोलत न्हाई," असं म्हणून मामा बाही खाली ओढत आणि पाना देत.

खरं सांगायचं तर कोपर पुष्कळदा खोटं बोलायचं. संप होणार म्हणून त्याने सांगितलं त्या वर्षी संप झाला नाही, आणि झाला त्या वर्षी ते लहान बाळाच्या गालासारखं मऊ होतं. पण माणसं चुकलेला अंदाज विसरतात. शिवाय मामांच्या म्हणण्याला थोडा आधारही होता. काळजी वाढली की चट्टे वाढतात असं डॉक्टरांनीच त्यांना सांगितलं होतं. त्यावरून मामांनी ठरवून टाकलं की कंपनीची सगळी काळजी आपल्या डाव्या कोपरात जमा होते. उजवं कोपर घरगुती बाबींसाठी राखीव होतं. पण मामा चिंचवडला एका खोलीत एकटे राहत. तेव्हा त्या कोपराला फारसं काम नसे.

मामा साताऱ्याकडचे. पन्नाशीला आलेले, उंच, किंचित पोक काढून चालणारे. चट्ट्यांचं कारण म्हणून त्यांनी वांग्यापासून ग्रीसपर्यंत सगळ्यांवर आरोप करून पाहिले होते. एक अख्खा हिवाळा त्यांनी सुपरवायझरशी बोलणं सोडलं होतं, कारण त्याचा आवाज ऐकला की गुडघे खाजतात. चहाचा त्यांचा कप वेगळा, टूल रूममध्येच खिळ्याला टांगलेला. कॅन्टीनच्या कपात चहा कडू लागतो असं ते म्हणत. खरं कारण न बोलता आम्हीही तसंच म्हणत होतो.

आता माझ्याविषयी. मी चिखलीचा. आमच्या घरात, आणि मी सांगत असे त्याप्रमाणे आमच्या अख्ख्या आळीत, पहिला पदवीधर. बी.एस्सी., रसायनशास्त्र. कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागल्यावर मी पहिल्या पगारात स्टीलचा डबा घेतला आणि त्यावर नावापुढे 'बी.एस्सी.' कोरून घेतलं, म्हणजे भाकरीलाही कळावं आपण कुणाच्या डब्यात आहोत. असा मी, आणि मलाही कोपरांवर, गुडघ्यांवर तेच चट्टे उठले.

हा नायटा आहे, असं निदान मी पदवीच्या जोरावर स्वतःच केलं. बाजारातलं जळजळीत मलम महिनोन्‌महिने लावलं. कातडी भाजून निघाली, चट्टे मात्र खूष होते. खाजवलं की तिथे नवा चट्टा, खरचटलं की तिथेही नवा. डोक्यात इतका कोंडा झाला की खांद्यावर पिठाची गिरणी चालू असल्यासारखं दिसे. मग मी गडद रंगाचे कपडे सोडले आणि पांढरे घालू लागलो. साधी राहणी, असं विचारणाऱ्याला सांगायचो. भर मे महिन्यात पूर्ण बाह्या का, तर लॅबमध्ये ॲसिड असतं. त्या ॲसिडवर माझी दोन वर्षं निघाली.

त्याच सुमारास घरात माझ्या लग्नाचं सुरू झालं. आमच्या वडिलांना, म्हणजे आण्णांना, चट्टे माहीत होते. गावात असलं काही दिसलं की लोक सरळ महारोगावर जातात. त्यामुळे आण्णांचं धोरण एकच होतं, "बाह्या खाली ठेव. अक्षता पडल्या की वर कर."

अशात एकदा मी टूल रूममध्ये स्क्रू-ड्रायव्हर मागायला गेलो. मामांनी तो दिला, पण सोडला नाही. माझ्या बोटांकडे बघत राहिले. नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते.

"आपल्यातला दिसतोस," मामा म्हणाले. 

मामांना हे ओळखता येत असे अशातला भाग नाही. ते सगळ्यांचीच नखं बघत आणि याआधी कित्येकांना त्यांनी आपल्यात ओढू पाहिलं होतं. वेल्डिंगवाल्या एकाला ते वर्षभर भाऊ म्हणत होते, शेवटी त्याच्या नखात नुसतं ग्रीस निघालं. पण माझ्या बाबतीत नेम लागला. मी रागावलो. पदवीधर माणूस कुणाच्या कोपराचा नातेवाईक होत नाही. मामांवर त्याचा परिणाम झाला नाही. पुढच्याच सुट्टीला ते मला त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी भिंगातून बघितलं आणि सांगितलं, हा सोरायसिस. लागट नाही, एकाचा दुसऱ्याला होत नाही. रक्त बिघडलेलं नाही, कुणाचं पाप नाही, अस्वच्छता नाही. शरीराचीच काहीतरी चूक होते, कातडीला सूज येते आणि महिन्याभरात तयार व्हायची ती कातडी आठवड्याच्या आत तयार होऊ लागते. थंडीत वाढतो, उन्हात कमी होतो. जातो, परत येतो. आवरता येतो, पण कायमचा बरा होत नाही. सांधे दुखू लागले तर लगेच या.

मी इंग्रजीत दोन प्रश्न विचारले, ते केवळ मला विचारता येतात हे कळावं म्हणून. मामा मात्र विचारात पडले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "म्हंजे कातडी ओव्हरटाइम करतीया. न सांगता. आन् माल कच्चा निघतोय." मी पुढे पुष्कळ वाचलं, पण याहून सोपं मला अजून सांगता येत नाही.

मग रविवारी सकाळी आम्ही पवना नदीच्या काठी, अर्ध्या चड्डीवर, अंगाला खोबरेल चोपडून उन्हात बसू लागलो. येणारे-जाणारे आम्हाला पैलवान समजत, जवळ आल्यावर समज दूर होई. रात्री डांबराचं मलम. त्याच्या वासाने आण्णा पहाटे उठून बघायचे, गावात सडक आली की काय. चट्टे खरोखर उतरले, पुसले मात्र गेले नाहीत.

आणि स्थळ आणलं ते मामांनीच. दिघीला त्यांच्या गावचे एक गृहस्थ होते, लष्कराच्या डेपोत कारकून. त्यांची मुलगी सुमन, मॅट्रिक झालेली, बालवाडीत शिकवणारी. मी मामांना विचारलं, त्यांना सांगायचं का? मामा म्हणाले, "तुझं कोपर, तुझं तोंड. मी बोलनार न्हाई." आण्णांना या शब्दावर भरवसा नव्हता. कोपर दाखवल्याशिवाय ज्याला चहा जात नाही, असा माणूस मुलीकडच्यांसमोर गप्प बसेल कसा? मुलगी बघायला जायच्या दिवसापर्यंत आण्णांना झोप नव्हती. 

त्या दिवशी मामा आले ते नव्या कोऱ्या पांढऱ्या शर्टात. पूर्ण बाह्या, मनगटापर्यंत बटणं लावलेली. आम्ही त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. आण्णा इतके खूष झाले की त्यांनी मामांना आपली तंबाखू मळून दिली.

दिघीच्या घरी पोहे आले. सुमन बशा देऊन आतल्या दाराशी उभी राहिली. तिच्या वडिलांनी नोकरीचं विचारलं, शिक्षणाचं विचारलं. शिक्षणाचं मी जरा सविस्तर सांगितलं. मामा गप्प. बाहीच्या काठाशी त्यांचं मनगट लाल झालेलं मला दिसत होतं, पण ते खाजवत नव्हते. माझी एक चूक व्हायची वाट सगळं घर बघतंय असं मला वाटू लागलं, आणि मला तिथेच उमगलं की आज बाह्या खाली ठेवल्या तर त्या जन्मभर खालीच ठेवाव्या लागतील, स्वतःच्या घरातसुद्धा.

मी घसा साफ केला आणि बोलायला लागलो. आदल्या रात्री तयारी केली होती. पेशी, त्यांचं विभाजन, अतिरिक्त उत्पादन. आण्णांनी डोळे मिटून घेतले. सुमनच्या वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे कंपनीचा नवा प्लांट होतोय का?"

एवढ्या शिक्षणाचं हे फळ. मी बटण काढलं आणि बाही वर केली.

मग सुमनचे वडील पुढे झुकले. "लागट आहे का?"

नाही, मी म्हणालो.

"जातं का?"

जातं, परत येतं. मलम आहे, ऊन आहे. मुलांना होईलच असं नाही, होणारच नाही असंही डॉक्टर म्हणत नाहीत. तुम्ही स्वतः त्यांना विचारा. हे सगळं मी साध्या मराठीत सांगितलं आणि माझा मलाच आवाज ओळखू आला नाही.

दाराशी उभी असलेली सुमन तेव्हा पहिल्यांदा बोलली. 

"दुखतं का?"

मी उत्तर तयार केलेलं नव्हतं. खाजतं, मी म्हणालो. थंडीत भेगा पडल्या की आग होते. ती नुसती मान हलवून ऐकत होती. तेवढ्यात मामांनी बशी खाली ठेवली आणि ते उठून अंगणात गेले. परत आत आलेच नाहीत.

सुमनचे वडील डॉक्टरांना भेटले, आपल्या भावाला घेऊन पुन्हा भेटले, आणि मग होकार आला. ते सगळं पुढे. त्या दिवशी आण्णा तिथेच बोलत थांबले आणि मी मामांना शोधत बस स्टॉपवर गेलो. लष्कराच्या तारेच्या कुंपणाला पाठ लावून ते उभे होते. चेहरा पाहून मला वाटलं, मी काहीतरी बिघडवलं.

"मामा, रागावलात?"

"न्हाई रं," मामा म्हणाले. "लागट हाय का, हे समद्यांनी इचारलं. आईनं इचारलं, भावानं इचारलं, मी बघाय गेलो त्या पोरीच्या बापानं इचारलं. त्या पोरीनं काय इचारलं न्हाई, ती आतच गेली." त्यांनी मनगटावरचं बटण काढलं. "आज सुमननं इचारलं तसं कुनी इचारलं न्हवतं."

मी इतक्या रविवारी त्यांच्या शेजारी उन्हात बसलो होतो. त्यांच्या पाठीला तेल मी लावत होतो. मीही विचारलं नव्हतं. मला वाटायचं, आपल्याला माहीत आहे.

"मग सांगा की मामा," मी म्हणालो. "दुखतं का?"

मामांनी बोटं मिटायचा प्रयत्न केला. ती पूर्ण मिटली नाहीत. सकाळी पाना उचलताना सांधे कसे धरतात, तळव्याच्या भेगांनी चपलेत पाय कसा टाकवत नाही, पाठीवरचं हाताला येत नाही तेव्हा दाराच्या चौकटीला पाठ कशी घासावी लागते, हे ते सांगायला लागले. सावकाश, एकेक आठवत, कसलाही विनोद न करता.

पिंपरीची बस आली. कंडक्टरने आमच्याकडे बघितलं. मी हाताने त्याला पुढे जायला सांगितलं.