सतरा पायऱ्यांची मौनसाधना

माणसाच्या सर्व दुःखांचं मूळ अहंकारात आहे, याबद्दल आता जाणकारांत दुमत राहिलेलं नाही. कोणाच्या अहंकारात, एवढाच तपशील वादग्रस्त आहे. आमच्या घरापुरता तो वाद मी अभ्यासाने मिटवला आहे. आमच्याकडे अहंकार वरच्या मजल्यावर राहतो. खालच्या मजल्यावर मी राहतो.

वर राहतो तो माझा थोरला भाऊ, दादा. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून "आता कसं दिसतंय?" असं दिवसभर विचारायचं आणि घरी आल्यावर कुणालाही काहीही विचारायचं नाही, असा त्याचा दिनक्रम. मी एका सरकारी कार्यालयात आवक-जावक विभागात आहे. आलेल्या कागदावर आल्याची आणि गेलेल्या कागदावर गेल्याची तारीख घालणं हे माझं काम. (मधल्या काळात कागदाचं काय होतं, हा दुसऱ्या विभागाचा विषय आहे.)

अकरा वर्षांपूर्वी मी दादाची शिडी वापरायला नेली आणि परत केली तेव्हा तिची एक पायरी कमी भरली. दादा चार शेजाऱ्यांदेखत म्हणाला, "तुला शिडी वापरायची अक्कल नाही." मी त्यावर काहीच उत्तर दिलं नाही, आणि ते न देणं आजतागायत चालू आहे.

अबोला ही वरवर सोपी वाटणारी, पण अत्यंत शिस्तीची व्यवस्था आहे. तिला निरोप पोचवणारं माणूस लागतं. बायकोने पहिल्याच दिवशी सांगितलं, "तुमच्या भांडणाची हमाली मी करणार नाही," आणि ती वर वहिनीकडे गप्पा मारायला निघून गेली. राहिली आई. आईचं वय एक्याऐंशी. "पाण्याची टाकी भरली का विचार", "गच्चीची किल्ली कुठे ठेवलीय म्हणावं", "आणि हे मी विचारलं नाही, तू विचारतेयस असं सांग", अशा स्वरूपाचे निरोप ती पोचवू लागली. रोजचे सरासरी चार निरोप, प्रत्येकी सतरा पायऱ्या वर आणि सतरा खाली धरल्या, तर अकरा वर्षांत आईच्या पाच लाख सेहेचाळीस हजार चाळीस पायऱ्या झाल्या. (लीप वर्षांचे जादा दिवस धरलेले नाहीत. उतरताना ती मध्ये थांबते, त्याची वेगळी नोंद नाही.) फोन वापरता आला असता, पण फोन करणं हे बोलण्यातच मोडतं.

यंदा डॉक्टरांनी आईच्या गुडघ्यांचे एक्स-रे दिव्यासमोर धरले आणि म्हणाले, "आजी, जिना बंद. नाहीतर वर्षभरात चालणंच बंद होईल." आईने डॉक्टरांची चिठ्ठी आम्हां दोघांना दाखवली. आधी मला, मग सतरा पायऱ्या चढून दादाला. आम्हां दोघांनाही फार वाईट वाटलं. तसं आम्ही तिला सांगितलं, आणि एकमेकांना कळवायलाही सांगितलं.

"अरे, एकदा तोंड उघड ना त्याच्याशी," आई म्हणाली.

"मी कुठे नाही म्हणतोय? सुरुवात त्याने करावी."

"तोही हेच म्हणाला."

"बघ! म्हणजे त्याला पटलंय."

तेव्हा आईने शेवटचा उपाय केला. झेन पद्धतीच्या ध्यानाचं नऊ दिवसांचं शिबिर भरणार होतं. तिथे माणसाचा 'मी' गळून पडतो, असं तिच्या कानावर आलं होतं. तिने दोघांची नावं घातली आणि दोघांनाही सांगितलं की दुसरा येणार नाही. मी तयार झालो. माझा अहंकार असून असून किती असणार? फार तर दोन दिवसांचं काम. उरलेले सात दिवस आराम.

शिबिर टेबल टेनिसच्या एका जुन्या हॉलमध्ये होतं. चालवणाऱ्या बाई पूर्वी पोहायला शिकवायच्या. "तेव्हाही लोकांना आधी हातपाय झाडणं थांबवायला शिकवायचे, आताही तेच करते," एवढंच त्यांनी स्वागताचं भाषण केलं. मग नियम वाचून दाखवले. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, कुणाच्या नजरेला नजर द्यायची नाही, भिंतीकडे तोंड करून बसायचं. डुलकी लागली तर खांद्यावर लाकडी फळीचा फटका मिळेल, आणि फटका मिळाल्यावर वाकून आभार मानायचे. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की हे आमच्या घरचेच नियम आहेत. आभार तेवढे नवीन होते.

बैठक आडनावांप्रमाणे होती. त्यामुळे माझ्या शेजारच्या उशीवर दादा आला.

नऊ दिवसांत एकमेकांकडे न बघता, न बोलता बसणं तेवीस साधकांपैकी बहुतेकांना जड गेलं. एक वकील दुसऱ्या दिवशी झोपेत बोलला. एका नृत्यशिक्षिकेने कुणाच्या तरी पायावर पाय पडल्यावर "सॉरी" म्हटलं. एक वाहनचालक तिसऱ्या दिवशी भिंतीशीच भांडला. चौथ्या दिवसापर्यंत निष्कलंक राहिलेली दोनच माणसं होती आणि दोघांचं आडनाव एक होतं. दादा त्या काळात एकतीस वेळा खोकला. खोकणं हे बोलण्यात मोडतं असं माझं मत आहे, पण ते सांगण्याची सोय नव्हती.

बाईंना भेटायला रोज पाच मिनिटं मिळत, तेवढ्यापुरतं बोलायची मुभा होती.

"पहिल्यांदाच बसताय?" बाईंनी विचारलं.

"शिबिराला पहिल्यांदाच. मौनाचा अनुभव अकरा वर्षांचा आहे."

"शेजारचे गृहस्थही अकराच म्हणाले."

नक्कल करायची त्याची सवय लहानपणापासूनची आहे.

बाईंनी मला ध्यानासाठी एक प्रश्न दिला: "दुखतंय ते कुणाला?" यावर बसायचं आणि रोज उत्तर घेऊन यायचं. सरकारी माणसाला असा प्रश्न अवघड नसतो. अर्ज कुणाचा आहे ते पाहिलं की उत्तर मिळतं. मी दिलेली उत्तरं आणि त्यांवर झालेली कार्यवाही पुढीलप्रमाणे. पहिला दिवस: "गुडघ्याला." फेटाळलं. दुसरा दिवस: "मला." त्या म्हणाल्या, "हा 'मी' दाखवा." मी ओळखपत्र दाखवलं. त्यांनी फोटो पाहिला, मग मला पाहिलं, आणि घंटी वाजवून मला बाहेर घालवलं. तिसरा दिवस: "दुखतं ते शरीराला, मी केवळ साक्षी आहे." त्यांनी विचारलं, "मग उशी पातळ असल्याची तक्रार साक्षीने केली का?" चौथा दिवस: तेच उत्तर, पुन्हा फेटाळलं. पाचवा दिवस: "कुणालाच दुखत नाही. मी उरलेलोच नाही." हे उत्तर मला फार आवडलं होतं. बाई म्हणाल्या, "छान. आता हेच शेजारच्यांच्या आधी सापडल्याचा आनंद न मानता सांगा." मला ते सांगता आलं नाही. सहाव्या आणि सातव्या दिवशी मी रागाने उत्तरच दिलं नाही, आणि तीच माझी सर्वांत चांगली उत्तरं ठरली.

आठव्या दिवशी दुपारी दादाला डुलकी लागली. फळीचा फटका बसला. तो दचकला, वाकला, आणि परत ताठ बसताना त्याने उजवा गुडघा तळव्याने गोल गोल चोळला. मी नियम मोडून तिकडे पाहिलं. आई असाच चोळते. जिन्याच्या नवव्या पायरीवर थांबून, कुणी बघत नाही असं वाटलं की. ती बघत नाही असं वाटलं की मीही बघतो, आणि आत येऊन टीव्हीचा आवाज वाढवतो. भिंत धूसर झाली. मी तसाच उठून बाईंकडे गेलो.

"आईला," मी म्हणालो. "दुखतंय ते आईला."

बाईंनी घंटी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "बरोबर. आता घरी जा."

पण माझं शिबिर एक दिवस शिल्लक होतं, आणि अपुरं सोडणं माझ्या स्वभावात नाही.

नवव्या दिवशी मौन सुटलं. एकवीस माणसं एकदम बोलू लागली. दादा आणि मी चपलांच्या मांडणीपाशी समोरासमोर उभे होतो. माझ्यापुरता विचाराल तर माझा 'मी' गळून पडला होता. अशा माणसाला आधी बोलायला कसलीच अडचण नसते. पण ज्याचा अजून शिल्लक आहे, त्याला आधी बोलण्याची संधी मिळाली तर त्याचं कल्याण होईल, असं माझ्या मनात आलं. निव्वळ करुणेपोटी मी थांबलो. दादाच्या चेहऱ्यावरही तशीच करुणा दिसत होती. मग आम्ही एकाच बसने, वेगवेगळ्या सीटवर बसून घरी आलो.

आई दारातच खुर्ची टाकून बसली होती. आम्ही एकत्र उतरलेलं तिने पाहिलं होतं. तिचा चेहरा उजळला होता, ते मला अजून आठवतं. दादा तिच्या पाया पडून वर गेला. तिने माझा हात धरला.

"बोललात?"

माझे डोळे भरून आले. "आई, मला सगळं कळलं गं. आमच्या अबोल्यात दुखत होतं ते तुला. इतकी वर्षं मी आंधळा होतो. माझं चुकलं."

ती रडायला लागली. मीही. अकरा वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. आणि त्या भरात मी म्हणालो, "जा, हे दादाला सांगून ये."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग कठडा धरला. सतरा पायऱ्यांना तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. खाली यायला त्याहून जास्त.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, त्याला हे चौथ्या दिवशीच कळलं होतं," आई म्हणाली, आणि भिंतीला टेकून खाली बसली.

हा सर्व वृत्तांत मी स्वतःच्या दोषांसकट, काहीही न लपवता लिहिला आहे. वाचताना तुम्हांला एक विशिष्ट माणूस आठवला असेल, आणि हे खरं तर त्याने वाचायला हवं असंही वाटून गेलं असेल. माझा आग्रह आहे की त्याला जरूर द्या. स्वतः नेऊन देणं जमण्यासारखं नसेल, तर तुमच्याही घरात दोघांशी बोलणारं कुणीतरी असेलच.