पराते गुरुजींच्या फ्रिजची रीतसर विल्हेवाट

जागेश्वर पराते गुरुजींचा एकवीस वर्षांचा फ्रिज सोमवारी कायमचा बंद पडला. घटना दुःखद असली तरी असाधारण नव्हती. अडचण वेगळीच होती. गुरुजींच्या पत्नी गोदूबाई खुब्याचं ऑपरेशन होऊन शनिवारी धंतोलीच्या दवाखान्यातून घरी यायच्या होत्या. घर दोन खोल्यांचं, एक खाली, एक वर. डॉक्टरांनी जिना चढायला सक्त मनाई केलेली. खाली पलंग टाकायला एकच जागा, आणि तिथे फ्रिज उभा.

दुसरा कुणी व्यवहारी माणूस असता, तर त्यानं सरळ कबाडीवाल्याला हाक मारली असती. पण गुरुजींनी तीस वर्षं पोरांना फ्रिजच्या गॅसनं विरणारा ओझोनचा थर शिकवला होता. त्यांनी शीतयंत्र विल्हेवाट कक्षाकडे रीतसर अर्ज केला आणि विकतचं दुखणं घरी आणलं.

मंगळवारी निरीक्षक प्रियदर्शनी मॅडम आल्या. त्यांनी फ्रिजला सील ठोकलं, जागचा हलवल्यास गुन्हा दाखल होईल अशी समज दिली आणि मागच्या नळीला यंत्र जोडलं. काटा शून्यावर.

"यातला गॅस कुठे आहे?"

"कवाच उडाला असन, मॅडम. म्हणून तं बंद पडला."

"म्हणजे आपण तो वातावरणात सोडलात?"

"मी कायले सोडू? तो आपल्या मनानं गेला!"

मॅडम स्वभावानं चांगल्या होत्या. गॅस काढून घेतल्याशिवाय फ्रिज उचलता येत नाही आणि 'काढलेला गॅस' या रकान्यात संगणक शून्य स्वीकारत नाही, हे त्यांनी शांतपणे समजावलं. सबब अर्जदारानं आधी गॅस भरून घ्यावा. मग कक्ष तो काढून घेईल.

बुधवारी गुरुजींनी मेकॅनिक बोलावून गॅस भरला. गुरुवारी मॅडमनी सील तोडून दार उघडलं, तर आत चक्क बर्फ धरलेला. त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"हा तर चालू आहे. चालू उपकरण कचऱ्यात मोडत नाही. अर्ज नामंजूर."

"अवो मॅडम, परवा बायको येऊन राहिली. तिले निजवू कुठं?"

"रुग्णांचा विषय आरोग्य विभागाकडे येतो."

चालू फ्रिजचं पुढे काय करायचं, हा अर्जदाराचा खाजगी प्रश्न असून कक्ष त्यात ढवळाढवळ करत नाही, असंही त्यांनी लिहून दिलं.

शुक्रवारभर विचारूनही तो जुना फ्रिज कुणी फुकट घेईना. शनिवारी सकाळी गोदूबाईंचा फोन आला. "आवो, निघालो आमी. पलंग टाकला ना?" गुरुजींना रडू यायचंच बाकी राहिलं. त्यांनी नत्थूजी कबाडीवाल्याला बोलावलं. नत्थूजीनं पाच मिनिटांत फ्रिज गल्लीत काढला आणि नळीवर हातोडा उगारला.

"काहून फोडून राहिला गा?"

"तांबं पयले काढा लागते, गुरुजी. बाकीचं मंग."

फुस्स! कायद्याचा मान राखण्यासाठी भरलेला नवाकोरा गॅस आभाळाच्या दिशेनं चालता झाला. गुरुजी ओरडणारच होते, तेवढ्यात कोपऱ्यावर ॲम्ब्युलन्स वळली.

"लवकर आटप गा," ते म्हणाले.

संध्याकाळी कक्षाकडून संदेश आला. 'आपला अर्ज निकाली. उत्सर्जन निरंक. सहकार्याबद्दल आभार.' गोदूबाईंना तो वाचून दाखवताना गुरुजींची मान वर होईना.

आता गुरुजींना कुणाला हसायचं असेल, तर त्यानं खुशाल हसावं. फक्त आपल्या घरातला मागचा फ्रिज कुठे गेला, ते आधी आठवावं. दोन माणसं आली होती, तो उचलून घेऊन गेली. आपण त्यांना एवढंच बजावलं होतं, "दाराच्या चौकटीला घासू नका रे, नवीन रंग आहे."