हरेल त्याने चहा करायचा

माझ्या सासऱ्यांना काहीही सांगा, ते म्हणणार, "सिद्ध कर."

भाजीवाली म्हणते, "नाना, मेथी आजचीच आहे." नाना पिशवी खाली ठेवतात. "आजची शे? सिद्ध कर." आमच्या इंदिरानगरातली ही बाई आता इतकी तयार झाली आहे की नाना लांबून दिसले तरी ती जुडी मुळांसकट उचलून धरते. "बघा, माती ओली आहे. आता बोला." नाना माती बोटांत चुरून बघतात, मान डोलवतात आणि दोन जुड्या घेतात. डॉक्टरांनी एकदा रक्तदाब वाढलाय म्हणून सांगितलं, तर यांनी दुसरा हात पुढे केला. म्हणे एका मोजमापावरून अनुमान काढू नये. दुसऱ्या हातातही वाढलेलाच निघाला, तेव्हा कुठे गोळी सुरू झाली. पंचवटीत एका गुरुजींनी या पूजेने घरात भरभराट होईल असं सांगितलं, तेव्हाही यांचं तोंड उघडणार होतं. सासूबाईंनी सदऱ्याची बाही धरून त्यांना बाहेर काढलं.

नानांनी उभी हयात सटाण्याच्या शाळेत दहावीला गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर ते आणि सासूबाई नाशिकला संदीपकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, राहायला आले. नानांची भाषा एरवी अगदी पुस्तकातली. रंगात आले किंवा चिडले की मात्र त्यांच्या तोंडून अहिराणी निसटते.

मला बघायला आले तेव्हा ते रंगात होते. पोहे देऊन मी खाली मान घालून बसले होते. आता स्वयंपाकाचं विचारतील म्हणून माझी आई मला डोळ्यांनी खुणावत होती. नानांनी बशी बाजूला ठेवली.

"एक दोन अंकी संख्या आहे. अंकांची बेरीज नऊ. अंकांची अदलाबदल केली तर संख्या सत्तावीसने वाढते. कोणती?"

मी बीएस्सीला गणित घेतलेलं. मान न उचलता म्हणाले, "छत्तीस."

सासूबाईंचा चमचा हवेतच थांबला. "अगं बाई, सोयरीक जुळायच्या आधीच छत्तीसचा आकडा?"

"अदलाबदल केल्यावर त्रेसष्ट होतात ना," नाना म्हणाले. "बरोबर शे. मुलगी पसंत आहे."

ज्याचं लग्न होतं त्याला कुणी विचारलंच नाही. संदीप अजून बोटांवर आकडे मोजत होता.

सासूबाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगते. पण त्यांचे नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सकाळचा पहिला चहा सुनेने करायचा, अंघोळ करून, आणि सगळ्यांना देऊन झाल्यावर उरेल तो ओट्याशी उभ्याने प्यायचा. त्यांनी सटाण्याला सगळं आयुष्य तसंच काढलं होतं, त्यामुळे त्यात काही जाच आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. पुरुषांनी ओट्याकडे फिरकायचं नाही हाही नियम होता. नानांना तर घरात साखर कुठल्या डब्यात असते तेही माहीत नसावं.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला दिवस गेले. अजून कुणाला सांगितलं नव्हतं. पण आलं घातलेला चहा उकळून त्यात दूध पडलं की माझ्या पोटात ढवळायचं. नाकाला ओढणी लावून मी चहा गाळायची, ट्रे बाहेर ठेवायची आणि न्हाणीघरात पळायची. नळ मोठा सोडून ओकायची, आणि खरं सांगायचं तर रडायचीही. सासूबाईंना सांगायची हिंमत नव्हती. "आम्हाला काय पोरं झाली नाहीत का" हे वाक्य त्यांच्या ओठांवर तयार असणार, हे मला दिसत होतं. रोज सकाळी वाटायचं, बॅग भरावी आणि माहेरी निघून जावं.

अशाच एका सकाळी मी पातेल्याला हात घातला, तेवढ्यात बाहेरून हाक आली. "मनीषा, चहा राहू दे. आधी मला एक गणित टाक. हरेल त्याने चहा करायचा."

मला वाटलं म्हाताऱ्याला पेपर वाचून कंटाळा आला असेल. मी आपलं सातवी-आठवीतलं काहीतरी टाकलं. एक नळ टाकी चार तासांत भरतो, दुसरा बारा तासांत. दोन्ही सोडले तर किती वेळ लागेल?

नानांनी छताकडे बघितलं, ओठ हलवले. "आठ तास."

"नाना, एकटा नळ चार तासांत भरतोय. दुसरा मदतीला आल्यावर आठ कसे लागतील? तीन तास."

नानांनी कपाळावर हात मारून घेतला. "सरासरी काढली मी. हरलो." आणि उठून ते सरळ ओट्याकडे निघाले.

"अहो, कुठे?" सासूबाई देवासमोरून ओरडल्या. "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, सर शब्दाला पक्के." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जिंकणाऱ्याने गॅलरीत बसायचं. इकडे फिरकायचं नाही. हरलेल्या माणसाला लाज वाटते."

मी गॅलरीत बसले. तिथे वास पोचत नव्हता. लग्नानंतर पहिल्यांदा मी सकाळी खुर्चीवर बसले होते. थोड्या वेळाने नाना कप घेऊन आले. त्यात दूधच नव्हतं. "दूध संपलं," म्हणाले. चहा पाकासारखा गोड होता आणि तळाशी आल्याचा एवढा मोठा तुकडा. मला तो अमृतासारखा लागला. आतून नानांचा आवाज आला, "अंदाज चुकला, एक कप जास्तच झाला. आता टाकून का द्यायचा? घे." सासूबाई म्हणाल्या, "मी मागितला होता का?" आणि मग बशीतून फुर्र करून प्यायल्याचा आवाज आला. दूध संपलेलं असताना नंतर धुवायला आलेल्या त्यांच्या बशीत पांढरा चहा कसा, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही.

तेव्हापासून रोज सकाळी आमची जुगलबंदी सुरू झाली. एक गणित मी टाकायचं, एक त्यांनी. वर्गसमीकरणं, समांतर रेषा, बोटीचा वेग आणि प्रवाहाचा वेग. नाना अशा ठिकाणी घसरायचे की त्यांचा विद्यार्थी असता तर त्याला बाकावर उभं केलं असतं. कधी कंस सोडवताना वजा चिन्ह विसरायचे, कधी त्रिज्येऐवजी व्यास घ्यायचे. मधूनमधून जिंकायचेही, पण ते संदीपच्या सुट्टीच्या दिवशी, माझी झोप पुरी झालेली असताना. ज्या दिवशी माझं डोकं ठणकायचं किंवा पुढे मुलगी झाल्यावर ती रात्रभर रडलेली असायची, नेमकी त्याच दिवशी माझी बुद्धी तल्लख. मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसले होते. हयातभर दहावीला गणित शिकवलेला माणूस माझ्याशी नळाच्या गणितात हरतो, याचा मला कधी संशय आला नाही. स्वतःच्या हुशारीवर कोण संशय घेतं?

आणि चहा करताना त्यांचा अंदाज रोज चुकायचा. एक कप जास्त. सासूबाई रोज म्हणायच्या, "गणिताचे मास्तर, आणि पाणी मोजता येत नाही." आणि रोज प्यायच्या. पुढे पुढे तर पूजा लवकर उरकून आधीच येऊन बसायला लागल्या.

गेल्या वर्षी त्या गेल्या. दहाव्याला पंचवटीत गुरुजी म्हणाले, "आत्म्याला शांती मिळाली." मी नानांकडे बघितलं. ते नुसते हात जोडून बसून राहिले.

पाहुणे पांगल्यावर एका सकाळी, संदीप लवकर कामावर गेलेला असताना, ते नेहमीच्या खुर्चीवर येऊन बसले. "टाक एखादं गणित." मी मुद्दाम सोपं टाकलं. त्यांनी चुकवलं आणि ते ओट्याकडे गेले. मला राहवलं नाही, नियम मोडून मी मागोमाग गेले. नानांनी चहा गाळला. दोन कप काठोकाठ भरले आणि पातेलं रिकामं झालं. थेंब उरला नाही.

मी त्या पातेल्याकडे बघत राहिले. मग ते दूध संपणं, ते गॅलरीत बसवणं, ते नळाचं गणित, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. इतकी वर्षं मी जिंकत होते म्हणे.

"नाना, आज अंदाज बरोबर आला," मी म्हणाले.

"हं."

"आता कशाला हरता? आता कोण बोलणार आहे?"

ते कप पुसत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला गणित कधी आलं नाही गं. आलं असतं, तर तिच्याशीपण हरलो असतो. तरुणपणापासून."

माझ्या आईवडिलांनी मला खूप दिलं, नवराही चांगला मिळाला. पण या घरात मला बसायला खुर्ची दिली ती या माणसाने, आणि तीही मला उपकार वाटू नयेत म्हणून मी जिंकून मिळवली असं भासवून. हे मी त्यांना तोंडावर सांगू शकले नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, सिद्ध कर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हणाले, "नाना, आज पहिलं गणित तुम्ही टाका. नळाचं."

त्यांनी टाकलं. तेच, चार तास आणि बारा तास.

मी छताकडे बघितलं, ओठ हलवले. "आठ तास."

नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"सिद्ध कर," ते म्हणाले.

"नाही करता येत, नाना. हरले मी," मी म्हणाले आणि चहा टाकायला उठले.