शाळेत न जाणाऱ्यांच्या नंदाताई

आमच्या कॉलनीत कोणी एखाद्या मुलाला "कितवीत आहेस रे?" असं विचारलं आणि नंदाताई ऐकण्याच्या अंतरावर असल्या, तर उत्तर त्याच देतात. उत्तर कसलं, उलटा प्रश्न. "तुम्ही कितवीत आहा जी?" समोरचा माणूस साठीचा असो की बँकेचा मॅनेजर, त्याला आपली इयत्ता आठवेपर्यंत ताई मुलाला घेऊन पुढे निघालेल्या असतात.

मुलांना शाळेत न घालता किंवा शाळेतून काढून घरीच, त्यांच्या कलाने वाढू देणारी थोडी घरं नागपुरात आहेत. त्यातलं एक आमचं. या सगळ्या घरांच्या नंदाताई म्हणजे वकील, डॉक्टर आणि गरज पडली तर पैलवानही. स्वतः जन्मभर शाळेत शिकवत होत्या. दर रविवारी त्यांच्या गच्चीवर आम्ही धास्तावलेले आईबाप जमतो. मुलगा दिवसभर सायकलच खोलून बसतो, मुलगी पाढे म्हणत नाही, अशी गाऱ्हाणी मांडतो. ताई चिवड्याची ताटली पुढे सरकवतात. "तुम्ही घाबरून राहिले, पोट्टं नाही. पोट्टं आहे ते, पार्सल नोहे टायमावर पोचवाले."

एकदा आमच्यातल्या एका जोडप्यासोबत ताई त्यांच्या नात्यातल्या लग्नाला गेल्या, निमंत्रण नसताना, केवळ शाळेवरून टोचणाऱ्या त्यांच्या मुलाच्या आत्यांना तोंड द्यायला. जेवून, आहेर देऊन, सगळ्या आत्यांना गप्प करून परत आल्या.

माझ्यावर वेळ आली ती सासऱ्यांमुळे. ते भिवापूरहून आले तेच नवं दप्तर घेऊन. माझ्या नऊ वर्षांच्या रेवाला तिकडच्या शाळेत घालायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं. नवरा खाली मान घालून बसला. मी ताईंना फोन केला.

मला वाटलं, आल्या आल्या सासऱ्यांनाही इयत्ता विचारतील. पण त्या खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. "भाऊ, तुम्हाले भीती कायची वाटते?"

"कागद नाही तर पोरीले उद्या नोकरी कोण देईन?" सासरे म्हणाले.

"बरोबर आहे तुमचं. दहावी बाहेरून देता येते. वेळ आली की मी सोबत जाईन."

"अन् तोवर?"

"ते मले काहून विचारता? तिले विचारा ना."

रेवा दाराशी उभी होती. ती म्हणाली, "आबा, शाळेत जायच्या वेळी मला रोज उलटी व्हायची. आता नाही होत."

"हे मले कोणी सांगतलंच नाही," सासरे हळूच म्हणाले. मग त्यांनी दप्तर तिच्याकडे सरकवलं. "असू दे. भिवापूरले येशीन तवा कपडे भरून आणजो."

त्या दुपारी कित्येक महिन्यांनी मी पोटभर जेवले.

संध्याकाळी मी आणि रेवा ताईंना घरी सोडायला गेलो. त्यांनी चहा ठेवला तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून नातू बोलत होता, पाचवीतला. ताईंनी त्याला एकेका विषयाचे मार्क विचारले. गणितात पहिला आल्याचं ऐकून दोनदा शाबास म्हणाल्या.

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "त्याले शाळा आवडते वं. आवडते तर जावं." मग चहात साखर घालून बराच वेळ ढवळत राहिल्या. "दिवाळीत येणार होता. आता म्हणे सुट्टीतही क्लास आहे."

आतल्या खोलीत एक छोटी गादी घातलेली होती. चादर कोरी, घडीच्या रेघा तशाच. रेवा जाऊन त्या गादीवर आडवी झाली. "नंदाआजी, मी आज इथेच झोपू?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. एरवी कोणालाही न जुमानणाऱ्या त्या, परवानगी मागत होत्या.

"झोपू दे," मी म्हणाले. "सकाळी तिला कुठे घाईने उठायचंय."