आधी माझा गळा

नांदुऱ्याचे सखारामकाका रोज सकाळी चहाआधी स्वतःच्या गळ्याभोवती दोरा गुंडाळून माप घेत. मग म्हणत, "आज बी सलामत." शेजारी विचारत, नवा सदरा शिवताय का?

काका कापसातली सरकी काढणाऱ्या जिनातल्या वाफेच्या इंजिनावर कामाला होते. त्यांना सगळं जग इंजिनासारखं दिसे. कुणाला ताप आला की, "वाफ चढली." इंजिनाची गती आवरणाऱ्या गव्हर्नरचे फिरते गोळे दाखवून ते सांगत, "प्रांताचा एक गव्हर्नर नागपुरात राह्यते, एक माह्या इंजिनावर. कामाचा हा." आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, पण यंत्र म्हणजे काय, हे मला काकांनी शिकवलं.

काकींना गलगंड होता. अंग सुजलेलं, उन्हाळ्यातही थंडी वाजे. डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली आणि गळा उतरू लागला.

सुट्टीत मी काकांकडे गेलो तेव्हा काकींच्या हातातला पेला थरथरत होता. छाती इतकी धडधडत होती की लुगड्यावरून दिसे. काकांनी मला परसात नेलं.

"गुण येऊन राह्यला होता बापू. मी एकीच्या तीन गोळ्या केल्या. म्हटलं, वाफ वाढवू."

नुकतंच शिकलो होतो ते सांगितलं. मेंदूखाली एक लहान ग्रंथी असते. रक्तात गळ्यातल्या ग्रंथीचा रस कमी पडला की ती गळ्याला कामाला जुंपते, म्हणून गळा फुगतो. रस पुरेसा झाला की ती गप्प बसते. काकींच्या गोळ्यांत तोच रस होता.

"म्हंजे गव्हर्नर."

"हो काका."

"अन् मी बाहेरून घातलेली वाफ? तिले गव्हर्नर थांबवते का?"

"नाही."

काका टोपी न घालताच दवाखान्यात धावले आणि सगळं कबूल केलं. डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या; पण पोटात गेलेलं उतरायला काही आठवडे लागतील, तोवर हृदयाला जपा, म्हणाले. ते आठवडे काका काकींच्या मनगटावर बोटं ठेवून बसले. आम्हीही त्या घरात हळू बोलायचो.

एकदा मी विचारलं, आजार काकींना, मग तुम्ही स्वतःचा गळा का मोजता?

"दोरा पाह्यला की तुही काकी रडे. मोजूच देत नव्हती. मंग म्हटलं, आधी माहा, मंग तुहा."

ते आठवडे सरले, तेव्हा एका सकाळी काकांच्याच हातातून दोरा निसटला. काकींनी तो उचलला, काकांच्या गळ्याभोवती फिरवला. काकींची बोटं आता थरथरत नव्हती.

"आज बी सलामत," काकी म्हणाल्या आणि मोजायला स्वतःची मान पुढे केली.